बुलेटचा आवाज वाढला, पण टॉर्कचं काय?

'सायलेन्सर बदल, पिकअप वाढेल.' नवी बुलेट घेतली की हा सल्ला कुणी ना कुणी देतंच. आवाज वाढतो, यात वाद नाही. टॉर्क मात्र क्वचितच वाढतो, आणि नागपूरच्या रस्त्यांवर जिथे तो लागतो तिथे कधी कधी घटतोही.

टॉर्क म्हणजे इंजिन क्रँकशाफ्टला देत असलेला पीळ. क्लासिक ३५० चं ३४९ सीसी इंजिन ४००० आरपीएमला २७ न्यूटन-मीटर टॉर्क देतं. कमाल पॉवर २०.२ बीएचपी मिळते ती ६१०० आरपीएमला, आणि हिशेब केला तर तिथे टॉर्क साडेतेवीसच्या आसपास उतरलेला असतो. म्हणजे इंजिन बांधलंय तेच खालच्या आरपीएमसाठी. सिग्नल सुटल्यावर किंवा डबलसीट रामटेकची गडमंदिराची चढण चढताना हाच पट्टा कामी येतो.

एक्झॉस्ट वॉल्व्ह उघडला की दाबाची लाट नळीच्या टोकापर्यंत जाते आणि ओढ निर्माण करत परत येते. ती नेमक्या क्षणी पोहोचली तर जळका वायू बाहेर खेचला जातो. लांब, बेताच्या व्यासाची नळी खालच्या आरपीएमला साथ देते. आखूड आणि रुंद नळी वरच्या. हे गणित मुख्यतः इंजिनाला जोडलेल्या बेंड पाइपचं आहे. मागची 'शॉर्ट बॉटल' बदलून बदलतो तो प्रामुख्याने आवाज.

कॅमचा सौदा आणखी महाग. परफॉर्मन्स कॅम वॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवतो. वेगात त्याचा फायदा होतो. पण इंजिन हळू फिरत असताना पिस्टन वर येऊ लागला तरी इनटेक वॉल्व्ह उघडाच राहतो आणि आत आलेलं मिश्रण थोडं मागे ढकललं जातं. टॉर्कचा शिखरबिंदू वर सरकतो. तो गाठायचा कुठे? समृद्धी महामार्ग सुरू होतो नागपुरातून, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे!

त्यात इथला मे महिना. ४५ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ६ टक्के विरळ असते. उन्हाळ्यात पिकअप मंद वाटतो, त्यात कंपनीच्या सायलेन्सरचा काही दोष नाही.

कायद्याचा भाग सरळ आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात ध्वनी-वायू प्रदूषणाच्या पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शिवाय लायसन्स तीन महिन्यांसाठी जाऊ शकतं. महाराष्ट्रातल्या शहरांत जप्त सायलेन्सरवर रोड रोलर फिरल्याचे व्हिडीओ सगळ्यांनी पाहिले आहेतच.

खरोखर ओढ हवी असेल तर आधी एअर फिल्टर, वॉल्व्ह क्लिअरन्स, चेन आणि टायरमधली हवा तपासावी. मागच्या स्प्रॉकेटचे दात ५ टक्के वाढवले तर चाकावरचा टॉर्क तेवढाच वाढतो. बदल्यात त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं. आणि कॅम घ्यायचाच असेल, तर दुकानदाराकडे डायनोचा आधीचा आणि नंतरचा आलेख मागावा, २००० ते ४००० आरपीएमचा.