फौजीच्या तब्येतीची नोंद पेन्शनीबरोबर थांबू नये

मा. सचिव, माजी सैनिक कल्याण विभाग, संरक्षण मंत्रालय, नवी दिल्ली यांना खुले पत्र
विटा, जि. सांगली

खानापूर, आटपाडी, खटाव, माण या दुष्काळी पट्ट्यातून तरुण दोन वाटांनी बाहेर पडत आले: गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्याच्या, आणि फौजेच्या. शिपाई म्हणून भरती झालेला जवान बहुधा पस्तिशी-चाळिशीत पेन्शनवर येतो. हृदयविकार, मधुमेह, गुडघेदुखी, तोफखान्यातल्यांचा बहिरेपणा हे सगळे डोके वर काढते ते पुढे दहा-वीस वर्षांनी. तोवर सेवेतली वैद्यकीय नोंद बंद झालेली असते.

हा तुटलेला धागा किती महत्त्वाचा आहे, ते सियाचिनवरून कळते. १९८४ पासून तिथे जवान तैनात आहेत. ५,८०० ते ६,७०० मीटर उंचीवर काही आठवडे राहिलेल्या २१ भारतीय जवानांच्या हृदयाची उजवी बाजू निकामी होऊ लागल्याचे १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. खाली आणल्यावर ते सावरले. पण अशा हृदयाचे साठीत काय होते, हे सांगायला तीच माणसे वर्षानुवर्षे तपासावी लागतात. अमेरिकेत २००१ साली सुरू झालेला ‘मिलेनियम कोहोर्ट’ अभ्यास नेमके हेच करतो. त्यात दोन लाखांहून अधिक जण आहेत आणि नोकरी सुटली तरी त्यांची विचारपूस सुटत नाही.

तुलना कोणाशी करायची, हा यातला अवघड भाग. भरतीत धडधाकट तेवढेच निवडले जात असल्याने गावकऱ्यांच्या तुलनेत फौजी निरोगीच दिसतो आणि सेवेने केलेली हानी झाकली जाते. विट्यात तर शेजारी गलाईवाला. त्याच्या छातीत आम्लाची वाफ गेलेली. त्याच्याशी तुलना करून काय हाती लागणार? उंचीवर राहिलेल्या जवानाची तुलना मैदानी छावणीत राहिलेल्या जवानाशीच व्हायला हवी.

आजार सेवेमुळे झाला की नाही, हे भांडण नोंदीअभावी लष्करी न्यायाधिकरणात जाते. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेमुळे झाल्याचे गृहीत धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात म्हटले. तरीही एकेक जवान आपापला खटला लढतो. जे शास्त्राने एकदा ठरवायचे, ते वकिलांनी शंभरदा ठरवावे, ही पद्धत महागही आहे आणि अन्यायाचीही.

पाया तयार आहे. २००३ पासून चालणाऱ्या ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेकडे उपचारांच्या नोंदी आहेत आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांकडे याद्या. पुण्यात एएफएमसी हे सशस्त्र दलांचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. मात्र २०२२ च्या अग्निपथ योजनेतून चार वर्षांनी घरी परतणाऱ्यांना पेन्शनही नाही आणि ईसीएचएसही नाही. ते या नोंदींत कधी येणारच नाहीत.

म्हणून विभागाने एएफएमसी आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) यांच्याकडे दीर्घकालीन अभ्यास सोपवावा, सेवेतली वैद्यकीय नोंद जवानाच्या संमतीने पुढील उपचारांशी जोडावी आणि अग्निवीरांना पहिल्या दिवसापासून त्यात घ्यावे. सुरुवात सांगली-साताऱ्यातून करावी.