ब्लूबेरीला वाचवायचं कुणापासून?

"ब्लूबेरी फार नाजूक हो, जगतच नाही," असं जो तो सांगतो. मला हे अजिबात मान्य नाही. जे झुडूप न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्समध्ये, वाळूत आणि दलदलीच्या काठाने, बर्फातले हिवाळे सोसत शतकानुशतकं कुणी खतपाणी न घालता वाढलं, ते नाजूक कसं असेल? ते मरतं आपल्या परसात आल्यावर. आणि त्याला मारतं कोण? कीड नाही, पाखरं नाहीत, हरणंही नाहीत. मारतो आपण, आणि तेही लाडाने.

वर्षातले सहा महिने मी लेकीकडे न्यू जर्सीत असते, हे इथे नेहमी येणाऱ्यांना ठाऊकच आहे. तिच्या मागच्या अंगणात ब्लूबेरीची पाच झुडपं आहेत. त्यांचे फोटो नातेवाइकांना पाठवले की लगेच सल्ले येऊ लागतात. धाकट्या जाऊबाई म्हणतात, चुलीतली राख घाला. वन्सं म्हणतात, अंड्याची टरफलं कुटून टाका. सांगलीचा भाचा म्हणतो, मामी, भरपूर शेणखत घालून आळं चांगलं खोल खणा. सगळ्यांचा हेतू चांगला, यात शंका नाही. पण यातला एकेक सल्ला म्हणजे त्या झुडपाला विषाचा घोट आहे.

कारण साधं आहे. ब्लूबेरीला आंबट माती लागते. मातीचा सामू, म्हणजे पीएच, ४.५ ते ५.५ च्या दरम्यान हवा. आपल्या भाजीपाल्याला साडेसहाची माती छान चालते. साडेपाच आणि साडेसहा यांत फरक एकाचाच दिसतो, पण हे गणित दहापटीचं आहे. साडेसहाची माती दहापट कमी आम्ल असते. राख आणि टरफलं दोन्ही चुन्याच्या जातीची, म्हणजे आम्ल मारणारी. माती गोडी झाली की तिच्यात लोह असूनही झुडपाला ते घेता येत नाही. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग आपण म्हणतो, "अशक्त झालंय बिचारं," आणि आणखी खत घालतो! पोट बिघडलेल्या मुलाला तुपातला शिरा भरवण्यातला हा प्रकार.

खणण्याचंही तेच. आंब्याचं मूळ खोल जातं. ब्लूबेरीची मुळं मात्र केसांसारखी बारीक, वरच्या फूटभर मातीतच पसरलेली. त्यांना इतर झाडांसारखी मूलरोमंही नसतात. मातीतल्या बुरशीशी सोयरीक करून ती आपलं अन्न मिळवतात. तिथे खुरपं चालवलं की तोंडचा घास गेला. तिला आळं नको, वर पाइनच्या सालीचं किंवा सुयांसारख्या पानांचं तीन-चार इंच आच्छादन हवं. ताज्या शेणखतातले क्षारही तिला सोसत नाहीत. आणि कॉफीचा चोथा घालून माती आंबट करू पाहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की त्यातलं बरंचसं आम्ल तुमच्या पेल्यात उतरलेलं असतं. माती आंबट करायची तर गंधक घालावं, आणि तेही लागवडीच्या आधी काही महिने, कारण मातीतले जिवाणू ते काम सावकाश करतात.

हे ज्ञान काही आकाशातून पडलेलं नाही. अमेरिकन सरकारच्या शेतीखात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी प्रयोग करून ते मांडलं आणि १९१० साली प्रसिद्ध केलं. तोवर ही झुडपं माणसाच्या हाती लागत नाहीत, असाच समज होता. ते टिपण वाचून १९११ मध्ये न्यू जर्सीच्या एलिझाबेथ व्हाइट या बाईंनी त्यांना पत्र लिहिलं आणि व्हाइट्सबॉगची आपली जमीन देऊ केली. रानावनात फिरणाऱ्या स्थानिक लोकांना पैसे देऊन त्यांनी मोठ्या फळांची झुडपं शोधून आणवली. १९१६ साली लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक बाजारात गेलं. या दोघांनी वेगळं काय केलं? झाडाला काय हवंय हे आधी पाहिलं आणि मग हात लावला. आपण नेमकं उलटं करतो. चौतीस वर्षं वर्गात उभी राहिले म्हणून सांगते, सगळ्या पोरांना एकच औषध लावणाऱ्या शिक्षकाला मी माया म्हणत नाही. तो आळस असतो.

आता पाखरांचं बोलू. जूनमध्ये फळं निळी व्हायला लागली की रॉबिन आणि कॅटबर्ड हजर होतात. मग लोक दुकानातून स्वस्तातलं, बारीक दोऱ्याचं, मोठ्या छिद्रांचं जाळं आणतात आणि झुडपावर ओढणीसारखं टाकून देतात. परवा शेजारच्या अंगणात अशाच जाळ्यात एक रॉबिन अडकला होता. धडपडून दोरा पंखाच्या बुडाशी रुतला होता. जावयांनी कात्रीने एकेक धागा कापून त्याला सोडवलं, पण तो पुन्हा उडाला नाही. वाटीभर फळांसाठी एवढी किंमत? साप आणि खारीही असल्या जाळ्यात सापडतात.

"मग काय सगळं पाखरांना खाऊ द्यायचं?" असं विचाराल. नाही. आपणही राखण करणाऱ्यांचेच वंशज. मचाणावरून गोफण फिरवणारा शेतकरी पाखरं हाकलतो, त्यांना फासात तडफडत ठेवत नाही. लाकडाची किंवा पाइपची चौकट उभी करा, तिच्यावर जाळं ताणून बसवा, कडा जमिनीशी पक्क्या करा. छिद्र इतकं लहान असावं की बोटही आत जाऊ नये. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने तर १ सप्टेंबर २०२१ पासून घरगुती फळझाडांच्या जाळ्याचं छिद्र ताणल्यावरही ५ बाय ५ मिलिमीटरपेक्षा मोठं नको, असा नियमच केला. जाळं फळ धरल्यावर लावायचं, कारण फुलांच्या वेळी भुंग्यांना मोकळी वाट हवी. तोडणी संपली की उतरवून ठेवायचं. एवढे कष्ट नको असतील तर पाखरांचा वाटा मुकाट्याने सोडावा.

आणखी एक. पुण्या-सांगलीच्या मंडळींनो, रोपांच्या जाहिराती पाहून हुरळू नका. इथल्या जातींना हिवाळ्यात ७ अंशांखालची साधारण ८०० ते १००० तास थंडी लागते. कमी थंडीत येणाऱ्या दक्षिणी जाती आहेत, पण आपली चुनखडीची काळी माती आणि बोअरचं जड पाणी त्यांनाही मानवत नाही. कुंडीत हौस करा हवी तर, पण त्या नादात बांधावरची करवंदीची जाळी तोडू नका. ती आपली आहे. आपल्या मातीत वाढते आणि तुमच्याकडे काहीच मागत नाही.

इकडे राहणाऱ्या लेकी-सुनांना एवढंच सांगणं. खताची पिशवी आणण्याआधी मातीचा नमुना तपासून घ्या. रटगर्स विद्यापीठाची प्रयोगशाळा ते काम करते. पहिली एक-दोन वर्षं फुलं खुडून टाका, जीव कळवळला तरी. फेब्रुवारी-मार्चमध्ये जुन्या फांद्या बुडातून काढा. फळ निळं दिसलं की लगेच तोडू नका, देठाजवळची लाली जाऊ द्या, कारण तोडल्यावर ते गोड होत नाही. बाकी हात आवरा. अति तेथे माती, आणि इथे तर ती मातीही चुकीची.

राख घालून कुणाची ब्लूबेरी फोफावली असेल तर जरूर कळवा. सोबत मातीचा सामूही लिहा, म्हणजे बोलता येईल.