यान झाडणार कोण?

आमची वाटणी करून दिलीय. भूत, मंगळ, यान, काळयंत्र हे सदाशिव पेठेनं लिहायचं. आम्ही लिहायची भूक. आई, झोपडी, पाटलाचा वाडा, पाणवठा, मास्तरची छडी. ते संपलं की पुन्हा तेच. पहिल्या आत्मकथनाला टाळ्या, दुसऱ्याला पुरस्कार, तिसऱ्याला जांभई. आणि चौथा कुणी उठून म्हणाला की मला गुरूच्या चंद्रावरची गोष्ट लिहायचीय, तर सगळे असे बघतात की यानं लावून भाषण ठोकलंय.

मी गोदीत माल चढवतो-उतरवतो, कंत्राटावर. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो, त्या तुम्ही याच पानांवर वाचल्यात. मध्यंतरी एक भयकथा एका मोठ्या मासिकाला पाठवली. संपादकसाहेबांचं उत्तर आलं, गोड आलं. म्हणे तुमची भाषा जिवंत आहे, पण हा प्रकार तुमचा नव्हे. गोदीतला अनुभव लिहून पाठवा, जरूर छापू. म्हणजे माझी पाठ पाहिजे, डोकं नको. पाठ तर मुकादमालाही पाहिजे, साहेब. तो निदान रोजी देतो.

हा मार पलीकडचा. अलीकडचा मार आपल्याच पोरांचा. एक म्हणतो, वस्तीवर बुलडोझर आलाय आणि तू परग्रहावर काय करतोस? दुसरा त्याहून कडक: बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांच्या घरात जन्मून भूत लिहितोस? संपादकाला उत्तर नाही दिलं तरी चालेल. या दोघांना द्यावं लागेल, ते माझे आहेत.

भुताचं आधी घेऊ. भूत मानणं वेगळं, भूत लिहिणं वेगळं. भगताच्या दारात कोंबडं घेऊन बसलेली बाई भूत मानते. तिचं कोंबडं जातं, पैसे जातात, कधी जीवही जातो. त्याच्याविरुद्ध आयुष्यभर बोलले म्हणून २०१३ साली दाभोलकरांना गोळ्या घातल्या, आणि कायदा झाला तोही त्याच साली, ते गेल्यावर. कागदावरचं भूत कोंबडं मागत नाही. आणि जरा या देशातल्या भुतांकडे डोळे उघडून बघा तरी. मुंजा म्हणजे कोण? मुंज झालेला आणि लग्नाआधी मेलेला बामणाचा पोर. त्याला राहायला पिंपळ. ब्रह्मसमंध म्हणजे कोण? नावातच जात आहे. हडळ म्हणजे बाळंतपणात मेलेली बाई; जिवंतपणी कुणी विचारलं नाही, मेल्यावर गाव तिला भितं. अख्खी उतरंड आहे, राव. जाळल्यावर, पुरल्यावरही जात सुटत नाही. मग महारवाड्यातला माणूस मेला तर तो कुठल्या झाडावर जातो? पिंपळावर चढू देतात का त्याला? तिथला मुंजा खाली ढकलतो का? ही झाली कथा. २०२४ साली ‘मुंज्या’ नावाचा हिंदी सिनेमा जोरात चालला. लोक घाबरले, हसले, घरी गेले. मुंज कुणाची होते आणि कुणाची होत नाही हा प्रश्न थेटरातच पडून राहिला. उचला तो. अंधश्रद्धेचं पोट असं आतून फाडता येतं, हे भाषणानं होत नाही.

आता पळवाटीचं. कोण म्हणतं कल्पना म्हणजे पळवाट? १८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ लिहिली. मासा, कासव, डुक्कर, नरसिंह, वामन, सगळे अवतार उलटे करून दाखवले, की हे देव नव्हेत, ही स्वारी करून आलेली टोळी. आणि परशुराम चिरंजीव आहे म्हणता ना, तर त्याला लेखी नोटीस काढली, सहा महिन्यांत हजर हो म्हणून. अमर माणसाला नोटीस! यापेक्षा तिखट अद्भुत मराठीत कुणी लिहिलंय ते दाखवा. त्याच्याही कितीतरी आधी चामडं शिवता शिवता रविदासांनी बेगमपुरा वसवला, जिथं दुःख नाही, कर नाही, मित्रांना हिंडायला बंदी नाही. जे गाव जमिनीवर नव्हतं ते आधी डोक्यात बांधलं. ही आपली परंपरा आहे आणि आपणच ती विसरून यानाला परकं म्हणतोय.

बाहेरचंही बघा. ‘रोबो’ हा शब्द कुठून आला? कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून. शब्द सुचवला त्याच्या भावानं, आणि मूळ चेक शब्दाचा अर्थ वेठबिगारी. वेठबिगारी! महार वतनातली, सांगावा पोचवायची, मेलेलं ढोर ओढायची, बिनमोल राबायची. कायद्यानं ती वतनं जायला १९५८ साल उजाडावं लागलं. नाटकातले रोबो शेवटी बंड करतात. म्हणजे विज्ञानकथेचा सगळ्यात प्रसिद्ध शब्द हा आमचाच शब्द, आणि ती आमची नाही म्हणता?

ड्रॅक्युला घ्या, १८९७. मातीनं भरलेली पन्नास खोकी जहाजातून इंग्लंडात उतरतात. पन्नास! मी वाचताना पहिला हिशेब केला तो वजनाचा. त्या पुस्तकात खोकी वाहणारे हमाल आहेत. त्यांचं काम एवढंच की घसा कोरडा पडला म्हणायचं, दारूचे पैसे घ्यायचे आणि खोकी कुठं पोचवली ते साहेबाला सांगायचं. माल सैतानाचा, खांदा आमचा, आणि गोष्ट साहेबाच्या डायरीत. ती खांद्याकडून लिहा. लहान असताना तळाशी काहीतरी हललं आणि टोळीतल्या एकालाच ते कळलं, तो बोलला तर खाडा पडणार, नाही बोलला तर...

आमच्या गोदीत तर भयकथा जागोजाग पडलीय. १४ एप्रिल १९४४. हो, तारीख बरोबर वाचलीत. ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजात दारूगोळा, कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा एकत्र भरल्या होत्या. आग लागली, जहाज उडालं, गोदी उडाली, वस्त्या जळाल्या, सोनं लोकांच्या घरांवर पडलं. त्या सोन्याचा पुढं वर्षानुवर्षं शोध चालला. मेलेल्या माणसांचा आकडा मात्र आजही पुस्तकागणिक बदलतो. आता एवढंच खोटं घाला: रात्रपाळीला हजेरी घेताना यादीत ओळखीची नसलेली नावं यायला लागतात, आणि प्रत्येक नावाला अंधारातून कुणीतरी ‘हाय’ म्हणतं. बाकी सगळं खरं ठेवा. चहाची टपरी खरी, कंत्राटदार खरा, फाटलेला हातमोजा खरा. एक खोटं, बाकी सगळं खरं. मला जमलं तेवढं मी यातूनच शिकलोय.

आणि मंगळ. आपली विज्ञानकथा मी जेवढी वाचली, तेवढ्यात यानात शास्त्रज्ञ असतो, कप्तान असतो, झाडणारा नसतो. यान झाडणार कोण? त्याचा संडास कोण साफ करणार? हा टोमणा नाही, विज्ञान आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर माणसांचं मूत, घाम, श्वासातली वाफ यंत्रात गोळा होते, शुद्ध होते आणि तेच पाणी पुन्हा पितात. आता मंगळावरच्या वसाहतीत आपली माणसं नेऊन ठेवा. टाकी एक. त्यात कांबळेचा घाम आहे आणि जोशीचाही. सोवळं कुठल्या नळातून काढणार? तुम्ही म्हणाल, विज्ञानानं जात मेली. मी म्हणतो, थांबा. तीन महिन्यांत कुणीतरी दुसऱ्या पाइपचा ठराव आणील, ‘आरोग्याच्या कारणासाठी’. चौथ्या महिन्यात तो पाइप दुरुस्त करायला आत कोण उतरेल तेही ठरेल. महाडचं तळं २० मार्च १९२७ ला. मंगळावरचं कधी? तारीख तुम्ही टाका. पण एक सांगतो, शेवटी ओंजळ भरून पाणी प्यायलं की संपली अशी गोष्ट करू नका. महाडलाही पाणी प्यायल्यावरच मार पडला होता, आणि नंतर तळ्याची शुद्धी झाली होती. मंगळावर शुद्धी कशी करतील? गोमूत्र कुठून आणतील? तिथून पुढं लिहा.

ऑक्टाव्हिया बटलरचं नाव ऐकलंय? नसेल तर ऐका, कारण आपल्या पँथरनं नाव घेतलं तेही त्याच लोकांकडून. काळी बाई, जन्म १९४७, कॅलिफोर्निया. बाप बूटपॉलिशवाला, तो लवकर गेला. आई गोऱ्यांच्या घरी मोलकरीण. ही भांडी घासायची, कारखान्यात बटाट्याचे वेफर तपासायची, आणि पहाटे दोनला उठून लिहायची. १९७९ साली तिची ‘किंड्रेड’ आली. १९७६ सालातली काळी बाई अचानक गुलामीच्या काळात ओढली जाते, पुन्हा पुन्हा, आणि तिथं एका गोऱ्या पोराला वाचवावं लागतं, कारण तो तिचाच पूर्वज आहे. तो मेला तर ती जन्मणारच नाही. काळयंत्राचं यंत्र कसं चालतं ते बाईनं सांगितलंच नाही, कारण मुद्दा तो नव्हताच. मला ती वाचून दोन रात्री झोप नाही. आपला कुणी पोर आयटीच्या हापिसातून पेशवाईत जाऊन पडला, गळ्यात मडकं, कमरेला झाडू, खिशात ओळखपत्र, तर? आणि जीव वाचवण्यासाठी त्याला तिथं कुणाला सांभाळावं लागेल?

शिकायचं कुठं विचाराल, तर रद्दीत. नारायण धारप आणि मतकरी वाचा. शत्रू म्हणून वाचू नका, गवंड्याच्या नजरेनं वाचा, भीतीची भिंत विटेवर वीट कशी चढवलीय. नारळीकरही वाचा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या खोट्या नावानं, आपल्या मोठ्या नावाचा परिणाम होऊ नये म्हणून. चांगलं केलं. आमच्याकडेही नाव लपवतात, बागुलांनी १९६३ सालीच कथासंग्रहाला ते शीर्षक दिलंय, पण कारण उलटं. त्यांना नावामुळे बक्षीस मिळेल ही भीती. आम्हांला नावामुळे खोली मिळणार नाही ही.

लिहायला वेळ नाही म्हणू नका, मलाही नाय. पाळी सुटल्यावर हात थरथरतात, पेन धरवत नाही. मोबाइलवर एका अंगठ्यानं लिहितो, लोकलमध्ये उभ्यानं. पंधरा ओळी झाल्या की बास.

संपादकाशी भांडून पुढच्या अंकाची आठ पानं घेतलीत. भूत चालेल, यान चालेल, राक्षस चालेल. दोन हजार शब्दांच्या आत पाठवा, हातानं लिहाल तर कागदाच्या एकाच बाजूला. खाली नाव घालायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.