क्यूची पुस्तकं रद्दीत का जातात?

गेल्या वर्षी शहागंजातल्या एका रद्दीवाल्याकडे मला चार पुस्तकं मिळाली. किलोच्या भावाने. त्याच तराजूत दहावीची गाइडं होती आणि कुठल्याशा बँकेच्या जुन्या डायऱ्या. चारही पुस्तकं इंग्रजी, चारही बिलियर्ड्सवरची. एकात क्यू कशी घडवतात याच्या आकृत्या होत्या, आणि आकृत्यांच्या कडेला पेन्सिलीने बारीक उर्दूत काहीबाही लिहिलेलं होतं. अक्षर मी ओळखलं. ते चाचांचं होतं.

चाचांचं नाव इथे लिहीत नाही, घरच्यांना ते आवडणार नाही. तरुणपणी ते एका क्लबात मार्कर होते. मार्कर म्हणजे बिलियर्ड्सच्या टेबलापाशी उभं राहून गुण मोजणारा, चेंडू जागेवर ठेवणारा, साहेबाच्या हातात क्यू देणारा माणूस. पुढे शहरात स्नूकर पार्लरं निघाली, तेव्हा ते जुन्या बाजारातल्या आपल्या घरी क्यू दुरुस्त करू लागले. वाकलेली काठी सरळ करणं, टोकाचं चामडं बदलणं, पितळी टोपी बसवणं, चिरलेला बट जोडणं. या कामातून त्यांना पुस्तकांचा नाद लागला. हैदराबादला गेले की रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर, मुंबईला गेले की फाउंटनला. इंग्रजी जेमतेम वाचता यायचं, पण आकृती बरोबर वाचायचे. तीस-पस्तीस वर्षांत एक पत्र्याची ट्रंक भरली. साठेक पुस्तकं असतील.

ते गेले तेव्हा मी गावात नव्हतो. परत आलो तोवर ट्रंक रिकामी झाली होती.

घरच्यांना मी दोष देत नाही. नातू मराठी माध्यमात शिकला आहे, हुशार आहे, उर्दू वाचता येत नाही. आजोबांच्या नोंदी त्याच्यासाठी नुसत्या रेघोट्या होत्या. माझी तक्रार शिकल्यासवरल्या लोकांबद्दल आहे, म्हणजे तुमच्या-माझ्याबद्दल. चाचा हयात असताना एका ग्रंथालयाला मी विचारलं होतं, हा संग्रह घ्याल का? उत्तर मिळालं, "अभ्यासाची पुस्तकं असतील तर द्या. ही जुगाराची कशाला?" आमच्याच बिरादरीतले एक बुजुर्ग हसून म्हणाले, "काठी घासण्याची किताब? अल्ला खैर करे."

या हसण्याची किंमत काय असते, ते सांगतो.

स्नूकर हा खेळ कुठे जन्मला? जबलपूरला, १८७५ साली, इंग्रज लष्कराच्या मेसमध्ये. हे आपल्याला कसं कळलं? नेव्हिल चेंबरलेन नावाच्या अधिकाऱ्याने तो खेळ तिथे सुरू केल्याचं १९३८ मध्ये पत्र लिहून जाहीर केलं म्हणून. त्रेसष्ट वर्षांनी लिहिलं, पण लिहिलं. मग ते पुस्तकांत गेलं, पुस्तकांतून जगभर झालं. जबलपूरच्या त्या मेसमध्ये चेंडू मांडणारी, गुण मोजणारी, टेबलाचं कापड घासणारी माणसंही असतीलच. ती इथलीच असणार. त्यांच्यातल्या कुणी पत्र लिहिलं नाही आणि कुणी त्यांना विचारलंही नाही. खेळ आपल्या मातीत जन्मला आणि त्याच्या जन्मकथेत आपल्यातला एकही माणूस नाही.

आता खेळाकडून काठीकडे येऊ. बिलियर्ड्सचे नियम इंग्रजीत १६७४ सालच्या चार्ल्स कॉटनच्या पुस्तकात छापलेले आहेत. त्याच वर्षी इकडे रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, यावरून काळ लक्षात घ्या. क्यूच्या टोकाला चामडं लावून चेंडूला हवी तशी फिरकी देण्याची कला फ्रान्सच्या मिंगोने पुढे आणली. हा लष्करातला माणूस, तुरुंगात बसून त्याने ती साधली असं सांगतात. त्याचं पुस्तक १८२७ ला निघालं, तीन वर्षांत इंग्रजीत आलं. क्लाइव्ह एव्हर्टनने १९७९ मध्ये या खेळांचा इतिहास लिहिला. नॉर्मन क्लेअरने १९८५ मध्ये जुन्या क्यू, टेबलं, खडू, गुणफलक यांवर छोटं पुस्तक काढलं. स्टाइन आणि रुबिनो या दोघांनी १९९० च्या दशकात बिलियर्ड्सचा जाडजूड सचित्र कोश केला. १९९६ ला अमेरिकेत 'ब्लू बुक ऑफ पूल क्यूज' आलं. त्यात क्यू बनवणाऱ्या कारागिरांची नावं आहेत, त्यांच्या कामाच्या खुणा आहेत, किमती आहेत. तिथे क्यू विकत घेणारा आधी विचारतो, बनवली कुणी? नाव मोठं असेल तर काठीची किंमत वाढते. आपल्याकडे चाचांनी पन्नास वर्षं हात चालवला. त्यांच्या हाताखालून गेलेल्या एकाही क्यूवर त्यांची खूण नाही.

कारागीर आपल्याकडेही कमी नव्हते. कमी पडला तो कारागिराचं नाव छापणारा कागद.

क्यू बनवणं हे काठी घासणं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा ती हातात घ्यावी. लांबी साधारण ५७-५८ इंच, वजन १७-१८ औंस, टोक जेमतेम साडेनऊ मिलिमीटरचं. पुढची दांडी अ‍ॅश किंवा मेपलची. अ‍ॅशच्या रेषा टोकाकडून पाहिल्या की बाणासारख्या दिसतात. खेळाडू निशाणा लावताना त्या बाणाचा आधार घेतो, म्हणून रेषा वाकड्या असलेलं लाकूड बाद. मागचा बट आबनूस किंवा शिसवीचा, कारण तोल मागे हवा आणि ही लाकडं जड. ही दोन लाकडं खिळा न ठोकता जोडायची. दांडीचं मागचं टोक चारी बाजूंनी पाचरीसारखं तासत न्यायचं, त्यावर आबनुसाचे चार तुकडे सरसाने चिकटवायचे आणि मग पुन्हा गोल करायचं. काम नीट झालं असेल तर काळ्या लाकडाची चार टोकं एका रेषेत येतात. कातारी असो की सुतार, ज्याच्या हाताला लाकूड माहीत आहे त्याला यातली मेहनत लगेच कळेल.

आणि यातली शिसव कुठली? बहुतेकदा आपलीच. लाकूड आपलं, पुस्तक त्यांचं.

आता चाचांच्या पेन्सिलीकडे येतो. इंग्रजी पुस्तक इंग्लंडच्या हवेसाठी लिहिलेलं आहे. औरंगाबादच्या मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो, लाकूड सुकून आक्रसतं आणि पितळी टोपी सैल होते. जून उजाडला की तेच लाकूड ओल पिऊन फुगतं. चाचांनी त्या आकृतीच्या कडेला लिहिलं आहे की उन्हाळ्यात टोपी कधी बसवू नये, बसवायचीच झाली तर काठी आधी दोन दिवस घरात माठाजवळ उभी ठेवावी. दुसऱ्या पानावर, कूलरच्या समोर क्यू भिंतीला तिरकी टेकवली तर किती दिवसांत वाकते, याची तारखांसह नोंद आहे. तिसरीकडे चामडं चिकटवण्याचा कुठला सरस पावसाळ्यात सुटला आणि कुठला टिकला ते आहे. हे ज्ञान त्या छापील पुस्तकात नाही, लंडनच्या ग्रंथालयातही नसणार. ते फक्त त्या समासात होतं आणि समास रद्दीत गेला. चारच पुस्तकं वाचली. छप्पन्न गेली.

कुणी म्हणेल, मराठीत असली पुस्तकं करायची रीतच नाही. खोटं आहे. बडोद्याला दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी 'व्यायाम ज्ञानकोश' केला, दहा खंड, १९३६ ते १९४९. कुस्ती, मल्लखांब, लाठी, सगळं आकृत्यांसह. त्या काळी आखाड्यात जाणाऱ्यालाही लोक नावं ठेवतच होते, तरी त्या माणसाने तेरा वर्षं घातली. मराठीला हे जमतं. फक्त ते जमवण्याजोगं वाटलं पाहिजे.

कुणी म्हणेल, मुसलमानांत ही रीत नाही. हे तर त्याहून खोटं. अबुल फज़लच्या 'आईन-ए-अकबरी'त ७२ जातींच्या लाकडांची वजनं दिली आहेत, एक घन गज लाकूड तोलून. बादशहाच्या दरबारात लाकूड तोललं जात होतं आणि त्याची नोंद होत होती. पुढे फारसी-उर्दूत 'कसबनामे' लिहिले गेले. लोहार, विणकर, न्हावी, एकेका धंद्याची छोटी छोटी पुस्तकं. त्यात काम कसं करावं हे असायचं, आणि ते कुठल्या पैगंबरापासून चालत आलं तेही. लोखंड हजरत दाऊदचं, सुतारकाम हजरत नूहचं, शिवणकाम हजरत इदरीसचं. म्हणजे कारागिराच्या हाताला आपल्याकडे पैगंबरांचा वारसा मानलं गेलं आहे. त्या परंपरेतले आपण, आणि सुताराचं पुस्तक पाहून हसतो.

बुजुर्गांचा आक्षेप मी टाळत नाही. पार्लरमध्ये धूर असतो, काही ठिकाणी पैजाही लागतात. पोराने शाळा बुडवून तिथे बसावं असं मलाही वाटत नाही. पैज हराम आहे, यात वाद नाही. पण पैज टेबलाभोवती उभ्या माणसांत असते, अ‍ॅशच्या दांडीत नसते. क्रिकेटवर किती सट्टा चालतो? म्हणून आपण बॅट बनवणाऱ्याला जुगारी म्हणतो का?

दुसरा आक्षेप पुरोगामी मित्रांचा. हा साहेबांचा, राजेरजवाड्यांचा खेळ. गरिबांच्या प्रश्नांत याचं काय? निजामाच्या हैदराबादेत फलकनुमाच्या महालात बिलियर्ड्सचं दालन होतं, हे खरं. आपलं शहर १९४८ पर्यंत त्याच संस्थानात होतं. पण महालातल्या टेबलाचं कापड बदलायला नवाब वाकत नव्हता. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्याला हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, वैयक्तिक खेळात असा मान मिळवणारे पहिले भारतीय. मुंबईच्या यासीन मर्चंटने १९८९ आणि २००१ मध्ये आशियाई स्नूकरचं अजिंक्यपद आणलं. जिंकणाऱ्याचं नाव निदान पेपरात तरी येतं. त्याच्या हातातली काठी सरळ ठेवणाऱ्याचं नाव कुठे येतं? गरिबाचा प्रश्न तोच आहे, मित्रांनो.

तिसरा आक्षेप तरुणांचा. सगळं यूट्यूबवर आहे. आहे, पाहा जरूर. पण त्यातल्या माणसाला मराठवाड्याचा मे महिना माहीत नाही आणि माठही माहीत नाही.

हिमरूचं उदाहरण आपल्या डोळ्यासमोर आहे. ज्या शहराची ओळख या कापडाने सांगितली जायची, तिथे हाताने हिमरू विणणारी घरं आता बोटांवर मोजण्याइतकी. विणणारा गेला की त्याच्या डोक्यातली नक्षी त्याच्यासोबत जाते. २०२३ मध्ये शहराचं नाव बदललं. त्यावर दोन्ही बाजूंनी पानंच्या पानं लिहिली गेली, मीही लिहिली. या शहरातल्या हातांवर आपण किती पानं लिहिली?

म्हणून माझं मागणं साधं आहे. पाणचक्कीच्या आवारात अरबी-फारसी ग्रंथ जपणारं हे शहर आहे. २०२१ मध्ये इथल्या एका शाळकरी मुलीने मोहल्ल्यात मुलांसाठी वाचनालय सुरू केलं आणि बघता बघता मोहल्ल्या-मोहल्ल्यांत ती निघाली. अशा प्रत्येक वाचनालयात एक कप्पा हुनरच्या पुस्तकांचा असावा. क्यू असो, घड्याळदुरुस्ती असो, शिलाई असो, रेडिएटरचं काम असो. पुस्तक इंग्रजी असेल तर असू द्या, मुलं आकृत्या पाहतील. आणि ज्याच्या घरात असा कारागीर आहे त्याने त्याच्याकडून दहा पानं लिहून घ्यावीत. मराठीत, म्हणजे नातवाला वाचता येतील आणि शेजारच्या बिगरमुस्लिम सुतारालाही. ज्याच्या घरात तो आता नाही, त्याने रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी समास एकदा कुणा उर्दू येणाऱ्याला दाखवावेत.

चाचा म्हणायचे, "लिखके रखना पडता बेटा, नै तो गया समझो." मी तेव्हा मान डोलावली आणि लिहिलं नाही. आता लिहितो आहे. त्या चार पुस्तकांतल्या नोंदी मराठीत उतरवायला घेतल्या आहेत. एकतीस झाल्या आहेत. काही शब्द लागत नाहीत, पेन्सिल पुसट झाली आहे, आणि विचारायला चाचा नाहीत.

उरलेली छप्पन्न पुस्तकं याच शहरात कुठेतरी असतील, नाहीतर त्यांच्या पुड्या झाल्या असतील. कडेला पेन्सिलीने उर्दूत लिहिलेलं एखादं बिलियर्ड्सचं पुस्तक कुणाला दिसलं, तर रद्दीचा जो भाव असेल त्याच्या दुप्पट देऊन मी ते घेईन.