रंगरूटचं वजन

दिल्ली पोस्टिंगवरचा हा तिसरा लेख. पहिले दोन वाचून काही निवृत्त वरिष्ठांनी "फायली सोड, दुसऱ्या कशावर तरी लिही" असा प्रेमळ हुकूम सोडला. म्हणून आज एका मांजरीवर लिहितो. विषय किरकोळ वाटेल. पण या विषयावर गेले चार महिने माझी पाच-सहा भल्या माणसांशी वादावादी चालली आहे आणि माझं मत आता पक्कं झालं आहे. नाजूक पोटाच्या रोड मांजराचं वजन वाढवायचं असेल, तर आधी त्याला खाऊ घालणारे हात कमी करा.

कस्तुरबा गांधी मार्ग म्हणजे जुना कर्झन रोड. कॅनॉट प्लेसकडून निघून इंडिया गेटच्या दिशेने जातो. चार्ल्स कोरियांनी बांधलेली ब्रिटिश कौन्सिलची इमारत याच रस्त्यावर आहे, आणि झुणका-भाकरीची आठवण झाली की आम्ही मराठी लोक जिकडे वळतो ते नवं महाराष्ट्र सदनही इथेच. संरक्षण खात्याचं इथलं नवं कार्यालय संकुल सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालं. त्याआधी ही माणसं दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या बराकीवजा हटमेंट्समध्ये बसत. दफ्तराबद्दल याहून जास्त लिहीत नाही, कारण तुम्ही जाणताच.

मांजरी आमच्या दफ्तरातली नव्हे. याच रस्त्यावर थोडं पुढे एका इमारतीच्या मागे पार्किंग आहे, तिथली. ड्रायव्हर मंडळी तिला 'रंगरूट' म्हणतात. नवीन भरती झालेल्या पोरासारखी दिसायची, मान बारीक आणि कान मोठे. ऑक्टोबरमध्ये पिशवीत घालून वजनकाट्याला लटकवली, तेव्हा पिशवीचं वजन वजा जाता २.१ किलो भरली. पाठीचे मणके हाताला मोजता येत होते, पोट मात्र गोल, आणि शेपटीखालचा भाग कायम घाण. पावसाळ्यात तिला चार पिल्लं झाली होती. एकही जगलं नाही.

आता ही उपाशी होती का? मुळीच नाही. सकाळी एक ड्रायव्हर पिशवीतलं दूध वाटीत ओतायचा. चहावाला दुधात बुडवलेला पाव द्यायचा. दुपारी छोले-कुलच्यातलं उरलंसुरलं, संध्याकाळी बिस्किटं, कधी पनीर, आणि शेजारच्या दफ्तरातल्या एका बाई दर दोन-तीन दिवसांनी महागड्या अन्नाची वेगवेगळ्या चवीची पाकिटं आणायच्या. ती सगळं खायची आणि तासाभरात गाडीखाली जाऊन सगळं बाहेर टाकायची. मग कोणीतरी हळहळायचं, "बिचारी किती वाळली," आणि आणखी अर्धी वाटी दूध यायचं.

दुधाची गोष्ट आपल्या भाषेतच मुरलेली आहे. मांजर डोळे मिटून दूध पितं, ही म्हण आपण आहाराचा तक्ता समजून बसलो आहोत. पिल्लू असताना मांजराच्या आतड्यात दुधातली साखर पचवणारं विकर भरपूर असतं. दूध सुटल्यावर ते कमी होत जातं. मग न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते, तिथे आंबते आणि हगवण लागते. माझ्या आजोळी कोकणात मांजराला दूधभात असायचा आणि मांजर चांगलं गरगरीत असायचं, हे मलाही आठवतं. पण ते मांजर रात्रभर पडवीत, माळ्यावर आणि भाताच्या कणगीमागे काय करायचं, हे आम्ही कधी पाहिलं? त्याचं वजन उंदरांवर वाढायचं. दूधभात हा वरचा मेवा, आणि श्रेय घ्यायला आजी. दिल्लीच्या डांबरी पार्किंगमध्ये तो हिशेब जमत नाही.

आरव्हीसीमधला, म्हणजे आपल्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरमधला, माझा एक जुना मित्र आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, खाणं वाढवायच्या आधी शी तपासून घ्या." एवढं साधं वाक्य, पण पार्किंगमधल्या कोणालाही सुचलं नव्हतं. तपासणीत गोल जंतांची अंडी निघाली. वजनाप्रमाणे गोळी दिली आणि ठरल्या दिवशी पुन्हा दिली. दुसरा डोस चुकवायचा नसतो, कारण पहिल्याने पोटातले मोठे जंत मरतात आणि मागे राहिलेल्या अळ्या वाढून पुन्हा जागा घेतात. वय जास्त असलेलं मांजर खाऊनही वाळत असेल, तर थायरॉइड, मूत्रपिंड आणि दात तपासावे लागतात. आमची दोनेक वर्षांची, त्यामुळे तेवढ्यावर भागलं. घरातलं माणसांचं औषध मात्र परस्पर देऊ नका. तापाची साधी पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि तिथून हा विषय माझ्यासाठी गंभीर झाला. दिवस मोठे होऊ लागले की मांजरी माजावर येतात, दिल्लीत साधारण जानेवारी-फेब्रुवारीपासून. पुढे नऊ आठवड्यांत पिल्लं. या अंगकाठीवर आणखी एक वेत तिला झेपणार नाही, आणि या वजनावर नसबंदीसाठी भूल देणंही जोखमीचं. म्हणजे हातात तीन महिने, आणि त्यात पाऊण किलो चढवायचं. दोन किलोच्या जिवाला पाऊण किलो म्हणजे काय ते मेसमध्ये दुसऱ्यांदा पुडिंग घेणाऱ्यांनी स्वतःच्या वजनावर काढून पाहावं. (वर्षाच्या मेडिकलमध्ये आम्हा सगळ्यांना वजन उतरवायला सांगतात. आमच्या ओळखीत वाढवायचा हुकूम मिळालेली ही एकटीच.)

आता मुख्य मुद्दा. त्या पार्किंगमध्ये एक निवृत्त हवालदार सुरक्षारक्षक आहेत, मूळचे अलवरचे. मी त्यांना हवालदारजी म्हणतो. मी म्हटलं की हिचं खाणं आजपासून एकाच माणसाच्या हाती राहील आणि तो माणूस तुम्ही. ते लगेच म्हणाले, "साहब, चार्ज लिखित में दीजिए." मी खरोखर वहीत लिहून दिला.

पहिले दोन आठवडे एकच अन्न: उकडलेली कोंबडी, मीठ-मसाला-कांदा-लसूण काही नाही. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, त्यामुळे आपल्या रश्शातला तुकडा धुऊन दिला तरी चालत नाही. मांस मांडीचं, आणि उकडलेलं पाणी फेकायचं नाही, ते त्यातच घालायचं. कारण टॉरिन नावाचा एक घटक मांजराला मांसातूनच घ्यावा लागतो, तो गडद मांसात जास्त असतो आणि उकडताना पाण्यात उतरतो. त्याच्या अभावाने मांजराचं हृदय सैल पडून निकामी होतं, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी १९८७ साली दाखवून दिलं. त्यातली मांजरं उपाशी नव्हती, बाजारातलं तयार अन्न खाणारी होती. त्यानंतर कंपन्यांनी अन्नातलं टॉरिन वाढवलं.

प्रमाणाचा हिशेबही सोपा आहे. दोन-सव्वादोन किलोच्या मांजरीला नुसतं पडून राहायला दिवसाला १२०-१२५ कॅलरी लागतात, तीन किलोच्या मांजरीला १६०च्या आसपास. १०० ग्रॅम उकडलेल्या कोंबडीतून दीडशेच्या वर मिळतात, १०० मिली गायीच्या दुधातून साठ-पासष्ट, आणि त्याही पोटात टिकल्या तर. आम्ही ७० ग्रॅमपासून सुरुवात केली, चार वेळांत विभागून. वाटी अर्ध्या तासात उचलायची. थंडीत अन्न कोमट करून द्यायचं, मांजर थंड अन्नाला तोंड लावायला कंटाळतं.

पण नुसत्या कोंबडीवर महिनोन्महिने ठेवता येत नाही, हाडाशिवायच्या मांसात कॅल्शियम नसल्यासारखंच. म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून पिल्लांचं तयार अन्न मिसळायला घेतलं. त्यात थोड्या घासात जास्त ताकद असते. पाकिटावर 'कम्प्लीट' लिहिलंय की 'कॉम्प्लिमेंटरी' ते वाचा. दुसरं नुसतं तोंडी लावण्यापुरतं असतं. बाईंनी आणलेल्या पाकिटांपैकी निम्मी तसली होती.

मिसळायचं कसं, हे फौजेतल्या माणसाला समजावायला नको. ९,००० फुटांवर सहा दिवस, १२,००० वर चार, १५,००० वर आणखी चार, मगच पुढे. तगडा जवान घाई करतो आणि स्ट्रेचरवर खाली येतो. आतड्यालाही नव्या अन्नाची सवय व्हावी लागते. पाव हिस्सा नवं, तीन दिवस थांबा, शी पाहा, मग अर्धा. शी पातळ झाली तर एक पायरी खाली या, पण उपाशी ठेवू नका. कुत्र्याचं पोट बिघडल्यावर एक दिवस लंघन चालून जातं, मांजराचं तसं नाही. दोन-तीन दिवस अन्न पोटात गेलं नाही तर यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं.

पहिले तीन आठवडे काटा २.१ वरून हलला नाही. इथे सगळे फिरले. ड्रायव्हर म्हणाले, साहेबांनी मांजरीला उपाशी मारलं. पाकिटंवाल्या बाईंचं मला सरळ सरळ ऐकून घ्यावं लागलं, "तुमच्या फौजी शिस्तीत मुक्या जिवाला कशाला कोंबता?" त्यांचा राग खरा होता. दोन वर्षं त्या स्वतःच्या पगारातून तिला घालत होत्या, आणि कालचा आलेला मी त्यांना हात लावू नका म्हणत होतो. पण वजनाच्या आधी शी बदलते, आणि ती दहाव्या दिवशीच घट्ट झाली होती. हवालदारजींच्या वहीत तसं लिहिलेलं होतं. बाईंना वही दाखवली. मग ठरलं की अन्न आणि ऑपरेशनचा खर्च त्या बघतील, जंताच्या गोळीच्या तारखा मी, काटा एक ड्रायव्हर, आणि वाटी फक्त हवालदारजी. चहावाल्याला दूध न घालण्याचं काम दिलं. सगळ्यांत अवघड तेच होतं, त्याने दोनदा तोडलं आणि दोन्ही वेळा वहीत नोंद सापडली.

मोकाट जनावरांना घालूच नये, असं मानणारे मित्र मला आहेत. त्यांच्याशी माझा अर्धा मेळ जमतो. नसबंदी न करता नुसतं खाऊ घालत राहणं म्हणजे दरवर्षी चार नवी रोड पिल्लं पार्किंगमध्ये आणणं आहे. पण आधीच दहा जण घालत असताना अकराव्याने हात बांधून बसण्याने त्या मांजरीचं काय भलं होणार होतं, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

नोव्हेंबरअखेर २.३५, नाताळात २.७, जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात २.९. डॉक्टरांनी होकार दिला, ऑपरेशन झालं, ओळखीसाठी एका कानाचं टोक उडवलं. आठवडाभर थोडी उतरली, मग पुन्हा चढली. पाठीचे मणके अजून हाताला लागतात, पण शोधावे लागतात.

माझी पोस्टिंग ऑर्डर आली आहे. हँडिंग-टेकिंग ओव्हरमध्ये या विषयाचं काहीच नव्हतं, कारण चार्ज आधीपासूनच दुसऱ्याच्या नावावर होता. परवा वही पाहून आलो. हवालदारजींच्या मोठ्या, आडव्या अक्षरातली शेवटची नोंद अशी: "वजन ३.१. टट्टी ठीक. चायवाले को एक बार और समझाया."