शालेय वाहतूक : कागदावरची समिती आणि रस्त्यावरचा चालक

विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मानाने उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यापूर्वी सुटीच्या दिवसांत शाळांच्या पिवळ्या गाड्या परिवहन कार्यालयाकडून तपासून घ्यावयाच्या असतात. ब्रेक, दिवे, प्रथमोपचाराची पेटी, संकटकाळी उघडावयाचे दार हे सारे पाहिले जाते. आणि प्रमाणपत्र हाती पडले की वर्षाची चिंता मिटली, असा समज रूढ आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार उच्च प्राथमिक वर्ग वर्षातून किमान २२० दिवस भरले पाहिजेत. म्हणजे एका मुलाच्या जाण्यायेण्याच्या ४४० खेपा झाल्या. गाडीची परीक्षा एकदा होते. ती चालविणाऱ्या माणसाची परीक्षा या ४४० खेपांत रोज होत असते, आणि त्या वेळी परीक्षक कोणीच नसतो. वर्धा जिल्ह्यातील शालेय वाहतुकीचा खरा प्रश्न हा आहे.

कायदा अपुरा आहे असे म्हणता येणार नाही. १९९७ च्या नोव्हेंबरात दिल्लीत शाळेची बस यमुनेत कोसळून मुले दगावली, त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या गाड्या व त्यांचे चालक यांविषयी कडक निर्देश दिले. महाराष्ट्राने २०११ मध्ये शालेय बसगाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले. त्यांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी, तीत पालक, पोलीस, परिवहन खाते व वाहतूकदार यांचे प्रतिनिधी असावेत आणि तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हावी, अशी तरतूद आहे. गाडीत सहायक हवा, मुली असतील तर महिला सहायक हवी, हेही त्यात आहे. थांबे कोठे असावेत, भाडे किती असावे, कागदपत्रे कोणी पाहावीत, याचा विचार समितीनेच करावयाचा आहे.

मग अडते कोठे? अडते ते पैशाच्या व्यवहारात. हिंगणघाट, आर्वी, पुलगाव यांसारख्या गावी पुष्कळ मुले शाळेच्या मालकीच्या बसमधून येत नाहीत. पालकांनी आपापसांत ठरविलेली व्हॅन किंवा ऑटो त्यांना आणते. पैसे पालक देतात, दरमहा आणि दर मुलामागे. शाळा या करारात कोठेच नसते. त्यामुळे काही घडले तर ‘गाडी आमची नव्हे’ हे उत्तर तिच्यापाशी तयार असते. गाडीचा चालक हाच बहुधा मालक, वसुली करणारा आणि हिशेब ठेवणारा. कर्जाचा हप्ता बारा महिन्यांचा, उत्पन्न मात्र दहा महिन्यांचे. विमा आणि कर ठरलेले, इंधन वाढते. उत्पन्न वाढविण्याच्या वाटा दोनच उरतात : डोकी वाढवा किंवा खेपा वाढवा. सात जणांच्या गाडीत बारा मुले बसतात ती या हिशेबाने. पहिल्या खेपेची मुले घंटेपूर्वी पाऊण तास शाळेच्या फाटकाशी ताटकळतात आणि दुसरी खेप घंटेशी शर्यत लावीत येते, तेही याच हिशेबाने. सहायकाचे तर विचारूच नये. त्याला पगार द्यावा लागतो आणि शिवाय त्याची जागा म्हणजे एका मुलाचे बुडालेले भाडे. म्हणून काटकसरीची कुऱ्हाड पहिली त्याच्यावर पडते.

चालक बेपर्वा असतो म्हणून गाडी वेगात जाते, हे निदान सोपे आहे, म्हणूनच ते लोकप्रिय आहे. बेपर्वा चालक असतातच. परंतु ज्याला दोन गल्ल्यांपलीकडची स्वस्त व्हॅन दाखवून भाडे पाडावयास लावले जाते, त्याच्याकडून संथ गतीची अपेक्षा करणे हा ग्राहकाचा भाबडेपणा नव्हे, सोयीस्कर विस्मरण आहे. हे ग्राहक म्हणजे दुसरे कोणी नसून महिन्याच्या पगारात घर चालविणारे नोकरदार आहेत, आणि त्यांचीही ओढाताण खरी आहे.

मुलाला इतके दूर जावे लागावे, हेही या जिल्ह्यात थोडे विचित्रच. १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यालाच शिक्षण परिषद भरली आणि मातृभाषेतून, हस्तोद्योगाच्या आधारे सात वर्षांच्या शिक्षणाची कल्पना तेथे मांडली गेली. त्या कल्पनेतली शाळा गावातली होती. आज इंग्रजी माध्यमाच्या ओढीने सेलू-देवळीच्या खेड्यांतली मुले शहराकडे येतात. दुसरीकडे २०२३ मध्ये राज्य सरकारने कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागविले. शाळा लांबवावयाची तर वाहतूक हा शिक्षणाच्याच खर्चाचा भाग होतो, हे त्यासोबत स्पष्टपणे मान्य करावयास हवे. एसटीची सवलत आणि मुलींचा मोफत पास हा मोठाच आधार आहे, परंतु पास असून गाडी नसेल तर काय होते ते २०२१-२२ च्या प्रदीर्घ संपाने दाखवून दिले.

अशा वेळी दंडाची मोहीम काढणे हा नेहमीचा उपाय. तिचा परिणाम पंधरवडाभर टिकतो. व्हॅन गायब होतात आणि तीच मुले एका दुचाकीवर तिघे-चौघे बसून येतात. त्यापेक्षा पैसे कोणीही दिले तरी मुलांना नियमित आणणाऱ्या प्रत्येक गाडीच्या करारात शाळा पक्षकार असली पाहिजे. सहायकाचा पगार सर्व मुलांच्या भाड्यात उघडपणे धरला पाहिजे. प्राथमिक व माध्यमिक वर्गांच्या घंटांत अर्ध्या तासाचे अंतर ठेवले तर दुसऱ्या खेपेची शर्यत आपोआप मंदावेल, आणि यास एक पैचाही खर्च नाही. फाटकावर एक वही असावी : गाडी किती वाजता आली, मुले किती, चालविणारा नेहमीचाच की बदली. शिक्षकांवर आणखी एक अशैक्षणिक काम लादू नये, ही तक्रार रास्त आहे. ते शिपायाकडे द्यावे आणि त्याचा मोबदला त्याला द्यावा.

समितीच्या बैठकीचा मुहूर्तही बदलावयास हवा. शाळा जूनअखेर उघडल्या तर त्रैमासिक बैठक सप्टेंबरात घेऊनही नियम पाळला जातो. पण नाल्यांवरच्या रपट्यांवरून पाणी वाहते ते जुलै-ऑगस्टात. २८ सप्टेंबर २०२१ रोजी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या पुलावरून पाणी वाहत असताना एसटीची बस वाहून गेली आणि माणसे मेली. रपट्याशी थांबावयाचे की गाडी घालावयाची, हे मागे घंटा आणि पुढे पाणी अशा स्थितीत एकट्या चालकाने ठरवू नये. पहिली बैठक शाळा उघडण्यापूर्वी व्हावी, तीत एसटी आगाराच्या व्यवस्थापकांनाही बोलवावे, मार्गावरील रपट्यांची यादी करावी आणि पाणी असेल त्या दिवशी उशीर किंवा गैरहजेरी मांडली जाणार नाही, असे चालकाला व पालकांना लेखी कळवावे.