विश्लेषण : महायुद्धाच्या काळात शाळेत असलेल्या पिढीची आठवण कुठे सापडेल?

दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे उघडून धान्य वाटले, ही गोष्ट मंगळवेढ्यातल्या लहान मुलालाही सांगता येते. भिंत कोसळून चोखोबा गेले, तेही सगळ्यांना ठाऊक असते. म्हणजे कित्येक शतकांपूर्वीचे गावाच्या लक्षात आहे. मात्र १९३९ ते १९४५ या काळात तालुक्यातली जी मुले हायस्कुलात शिकत होती, त्यांतले फौजेत कोण गेले, बेचाळीसच्या चळवळीत कोण उतरले, फी भरता न आल्याने शेतावर कोण परतले, हे विचारले की घरच्यांपलीकडे सहसा कोणाला सांगता येत नाही.

आताच का शोधायचे?

हिशेब सोपा आहे. १९४२ मध्ये सोळा वर्षांचा असलेला मुलगा आज हयात असेल तर शंभरीच्या घरात आहे. ‘दहावी ब, १९९८’ अशा नावाचे व्हॉट्सॲप ग्रुप गावोगाव आहेत. मेळावे होतात, शाळेला संगणक भेट दिले जातात, जुन्या सरांचा सत्कार होतो. १९४३ च्या मॅट्रिकवाल्यांचा ग्रुप निघणार नाही. त्यांच्याबद्दल जे ऐकायचे ते आता त्यांच्या मुलांकडून, म्हणजे साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांकडून. त्यानंतर फक्त कागद उरेल.

मंगळवेढ्याची अडचण काय?

शोधायला निघालेला माणूस आधी चुकीचे दार ठोठावतो. मंगळवेढा आज सोलापूर जिल्ह्यात आहे, पण महायुद्धाच्या काळात ते पटवर्धनांच्या सांगली संस्थानात होते. संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. आज कर्नाटकात असलेले तेरदाळ आणि शिरहट्टीही त्यातच होते. शेजारचे पंढरपूर आणि सांगोला मात्र ब्रिटिश मुलखात. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. त्यामुळे एकाच शिवारातल्या दोन मुलांची सरकारी नोंद दोन वेगळ्या राज्यांत असू शकते. मॅट्रिकची परीक्षा तेव्हा मुंबई विद्यापीठ घेत असे, तो तिसरा पत्ता.

यामुळे एक गोष्ट वेगळी दिसू लागते. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगलीचा तुरुंग फोडला. आज मंगळवेढ्यात ही दुसऱ्या जिल्ह्याची हकिकत वाटते. तेव्हा ती स्वतःच्या संस्थानाच्या राजधानीतली होती.

जनरल रजिस्टरमध्ये काय असते?

प्रत्येक शाळेला कायम जपावे लागणारे एक जाडजूड दप्तर असते. त्यात विद्यार्थ्याचे नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल झाल्याची आणि शाळा सोडल्याची तारीख, प्रगती, वर्तणूक आणि सोडण्याचे कारण असे रकाने असतात. जन्मतारखेवर फार विसंबू नये; गुरुजींनी अंदाजाने टाकलेला ‘१ जून’ महाराष्ट्रात अजून कोट्या करण्यापुरता जिवंत आहे. खरा ऐवज शाळा सोडण्याची तारीख आणि कारण या रकान्यांत. तारीख ऑगस्ट १९४२ नंतरची आणि कारण ‘सतत गैरहजर’ असेल, तर तो मुलगा आजारी होता, कामाला लागला होता की भूमिगत झाला होता, हे घरच्यांना विचारल्याशिवाय कळत नाही. पण विचारायचे कोणाला, हे रजिस्टर सांगते.

ही दप्तरे नुकतीच उघडली गेली होती. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधताना राज्यभर जुने अभिलेख चाळले गेले, त्यात शाळांची रजिस्टरेही होती. मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. तेव्हा बोट जातीच्या रकान्यावरून खाली सरकत गेले आणि त्याच ओळीच्या टोकाला काय लिहिले आहे ते पाहणे कोणाचे काम नव्हते. त्यात दोष कोणाचा नाही, शोध वेगळ्याच गोष्टीचा होता. पण मनावर घेतले तर राज्यातल्या शाळांची जुनी दप्तरे थोड्या महिन्यांत चाळून होतात, हे त्यातून दिसले. ‘वेळ नाही, माणसे नाहीत’ ही सबब त्यानंतर पटण्यासारखी उरत नाही.

फौजेत गेलेल्यांचा माग कसा काढायचा?

युद्ध सुरू झाले तेव्हा हिंदुस्थानी फौज दोन लाखांच्या आसपास होती, संपताना ती २५ लाखांच्या घरात गेली. सुमारे ८७ हजार जण परतले नाहीत. मराठा पलटणी आफ्रिका आणि इटलीत लढल्या. महार रेजिमेंट १९४१ मध्ये उभी राहिली आणि चार-सहा इयत्ता शिकलेल्या दलित मुलांसाठी अनेक वर्षे बंद असलेले दार पुन्हा उघडले.

मृत सैनिकांची यादी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येते. अनेक नोंदींत वडिलांचे नाव आणि गावही असते. अडचण स्पेलिंगची. गावाचे नाव इंग्रजी कारकुनाने कानाला लागले तसे लिहिलेले असते आणि सोलापूरचे ‘शोलापूर’ असते. पूर्ण नाव टाकून काही सापडले नाही तर आडनावाची पहिली तीन-चार अक्षरे आणि पलटणीचे नाव टाकून पाहावे. मंगळवेढ्याच्या बाबतीत सांगली हा शब्दही वापरून पाहावा. जिवंत परतलेले या यादीत नसतात. त्यांच्यासाठी पेन्शनची कागदपत्रे, घरातली पदके आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हेच आधार.

मोठी नावे तर लक्षात आहेत ना?

आहेत, आणि असायला हवीत. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिथेच वारले. नंदुरबारचा शाळकरी शिरीषकुमार मेहता ९ सप्टेंबर १९४२ रोजी गोळीबारात गेला. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतल्या मोंतोने या छोट्या गावाने २०२३ मध्ये त्यांचे स्मारक उभारले.

प्रश्न उरलेल्यांचा आहे. शाळेची शतकमहोत्सवी स्मरणिका निघते तेव्हा ‘आमचे मान्यवर माजी विद्यार्थी’ या पानावर मंत्री, कलेक्टर, डॉक्टर येतात. ब्रह्मदेशातून परतून आयुष्यभर ज्वारीची राखण केलेला माणूस येत नाही. स्वातंत्र्यसैनिक पेन्शनसाठी ज्याने अर्जच केला नाही, तो सरकारी यादीतही नसतो. लग्न ठरले म्हणून सातवीतून काढलेली मुलगी तर कुठल्याच यादीत नसते, रजिस्टर सोडून. स्मरणिकेच्या जाहिरातींतली चार पाने कमी करून या ओळी छापता येतील.

मात्र रजिस्टरच्या पानांचे फोटो सरसकट ग्रुपवर टाकणे चुकीचे ठरेल. त्यात जात आहे, वर्तणुकीचे शेरे आहेत, आणि नातवंडे त्याच गावात राहतात. आधी घरच्यांना दाखवावे, ते हो म्हणाले तरच छापावे. शिक्षकाच्या देखरेखीखाली नववी-दहावीची मुले हे काम करू शकतील.

ज्यांच्या घरी आजोबांचा शाळा सोडल्याचा जुना दाखला आहे, त्यांचे काम सर्वात सोपे. त्यावर रजिस्टर क्रमांक असतो. तो घेऊन शाळेत गेले की ओळ लगेच सापडते. दाखला नसेल तर अंदाजे वर्ष धरून पाने उलटावी लागतात. त्या काळातल्या कागदाच्या कडा आता तुटू लागल्या आहेत, तेव्हा उलटण्याआधी प्रत्येक पानाचा एक फोटो शाळेसाठी काढून ठेवावा.